फ्लेक्सवरचा फेर

१८ जुलै, दुपार
दीपमाले, नात असलीस तरी विसरभोळी हायेस, म्हणून बजावते. फोनवर सांगते तसंच्या तसं वहीत उतरव. मागच्या खेपेला माझी अर्धी वाक्यं खाल्लीस आणि वर म्हणालीस, आजी, रेंज नव्हती. रोजनिशी फक्त माझ्यासाठी हाय. मला वाचता येत न्हाई, तवा घोरच न्हाई.

बातमी: साताऱ्याच्या पंचमी-फेराच्या स्पर्धेत यंदा सगळ्या समाजांच्या बाया असलेल्या मंडळाला जादा मार्क. बाकीची मंडळं आता बाया हुडकत पळतील. आपल्याकडं समीना आणि शबाना, दोघी जावा, पहिल्यापासनं हायेत. त्यांची सासू माझाच हात धरून फेर धरायची. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. आता आणून देणार. मंडळाची अध्यक्ष मी हाय.

२० जुलै
विश्वजितला फ्लेक्स सांगितला. पोरांच्या मंडळाचा पुढारी तो, समाजमंदिराची चावी त्याच्याकडंच. दोघींचे फोटो मोठे, खाली आडनावासकट नावं. समीना म्हणाली, आजी, फोटो कशाला, फेरात हाय की मी. लाजती. म्हणलं, गप गं, तुला जाहिरातीतलं काय कळतंय! विश्वजितनं नावं दोनदा विचारली. घर कुठलं तेबी विचारलं. पोरगं कामाला चोख. मी अंगणातनं बोट करून दाखवलं.

२३ जुलै
फ्लेक्स स्टँडवर लागला. लय गर्दी. जो तो मोबाईलवर फोटो काढतोय. हसत मात्र कुणीच न्हाई. कौतुक पोटात ठेवत असतील.

२६ जुलै
प्रॅक्टिस. हरणाबाई आली न्हाई, गुडघा धरलाय म्हणे. काल बाजारात एसटीमागं पळत होती. अंबूबाईला तिच्या पोरानं सोडलं न्हाई. पावसामुळं असंल. पाऊस नव्हता, पण आभाळ होतं.

२८ जुलै
विश्वजित दोन परगावची पोरं घेऊन आला. चपला न काढता उंबऱ्यात उभी. लय आदरानं म्हणाला, आजी, तुमचं वय झालं, आपल्या सणात त्यांचं काय काम? म्हणलं, बाबा, जादा मार्क हायेत. तो हसला. पोरं हसली न्हाईत. चहा घेतला न्हाई, घाईत असतील. जाताना म्हणाला, समाजमंदिराची चावी हरवलीया. तुझ्यासारखाच विसराळू, दीपे.

३१ जुलै
प्रॅक्टिस अंगणात. समीनाचा नवरा दस्तगीर, त्याचं बांगड्यांचं दुकान बंद. विचारलं तर म्हणाला, माल संपलाय, आजी. पंचमीच्या तोंडावर माल संपला म्हणजे धंदा जोरात. दारात हिरव्या काचांचा सडा. नीट झाडत न्हाईत ही माणसं.

२ ऑगस्ट
फ्लेक्स फाटला. दोघींच्या तोंडावरच तेवढा. वारा हाय. राजेश्वरी म्हणाली, आवं आत्या, वाऱ्याच्या हातात ब्लेड असतंय व्हय? सूनबाईला विनोद जमत न्हाई. शबानाला सांगितलं, रडू नको, ह्याच्यापेक्षा मोठा लावू. ती जास्तच रडाय लागली. आनंदानं. आनंदानंच, लिही तसं.

४ ऑगस्ट, सातारा
गाडी सुटली तरी दोघी आल्या न्हाईत. दाराला कुलूप. विसरल्या असतील.
स्टेजवर फेर धरला तवा माझा उजवा हात मोकळा. हरणाबाईला खुणावलं, ती सरकली न्हाई. तसंच फिरलो. बक्षीस मिळालं! जादा मार्कांवर. फाईलीत फ्लेक्सचा फोटो होता ना. माईकवाल्या बाईंनी विचारलं, त्या दोघी कुठं हायेत? अंबूबाई म्हणाली, होत्या की.

९ ऑगस्ट, पंचमी
आज अंगणात फेर न्हाई. बाया आल्या, कप बघितला, गेल्या. विश्वजितनं नवा फ्लेक्स लावलाय. माझा एकटीचा फोटो, खाली नाव आडनावासकट. राजेश्वरीनं वाचून दाखवलं. मी म्हणलं, पुरे.

दस्तगीरनं काल टेम्पो भरला. माझ्याकडं बघितलं, दोरी आवळली. समीना तुझ्याजवळ, तिथं साताऱ्यातच हाय, माहेरी. माझा फोन उचलत न्हाई. हे विसरल्यानं न्हाई, दीपे.

तवा तू तरी विसरू नको. आज चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई. पुरणाची दिंडं उकड. दर पंचमीला पहिलं दिंड तिचं असायचं. गरम हायेत तवर पाठव, तूप येगळं बांध. आणि डब्यावर नाव टाकू नको. तिचं न्हाई, माझंबी न्हाई.