कार्ड तार सोडत नाही

चि. सहादू यास,

थोरला चुलतभाऊ खंडेराव याचा आशीर्वाद. (तू उचलला नाहीस तरी पोचेल, हा काही फोन नाही.) नाशकात मुलाच्या फ्लॅटवर तुझी तब्येत सुधारली असेल, लिफ्टमुळे तुझ्या लंकाबाईंचा गुडघाही सुखात असेल. इथे माझं पित्त, माझी झोप आणि विहिरीजवळचा माझा कांदा, तिन्ही बिघडली आहेत. तरी मी घाबरलेलो नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

तर ते यंत्र. परवा साखरपुड्याच्या पंगतीत तू सगळ्यांदेखत म्हणालास, "खंडूदादा, तुझंच यंत्र सांगतंय रान ओलं आहे, मग पाणी पोचत नाही म्हणून रडतो कशाला?" लोक हसले. मीही हसलो (छाती अजून धडधडते). पण ऐक. यंत्र माझ्या सुनेनं, स्नेहलनं, बनवलं. मातीत खुपसलेल्या, ओल मोजणाऱ्या दोन सळया, आणि मोजलेलं साठवायला मोबाईलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड. तिघांनी बोलायचं एकाच तारेवरून. आपल्या विहिरीच्या एका पाइपावर तुझं रान आणि माझं रान, तसंच. ज्याला हाक येईल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. सळया बिचाऱ्या शिस्तीच्या. कार्डाचं मात्र काम झालं, हाक संपली, तरी ते तार धरूनच बसायचं. मग सळई काहीही सांगो, यंत्राला ऐकू यायचं ते कार्डाचंच: ओलं, ओलं, शंभर टक्के ओलं! इकडे कांद्याची पात पिवळी पडून लोळतेय आणि यंत्रात भाताचं खाचर.

कार्ड काढलं की यंत्र खरं बोलायचं, पण लक्षात काही ठेवायचं नाही. बसवलं की सगळं लक्षात ठेवायचं, पण खोटं. (असा एक माणूस माझ्या माहितीत आहे, नाव लिहीत नाही.) आमचा संतोष बायकोला म्हणाला, फेकून दे ते. मी म्हणालो, खबरदार! चौथीपर्यंतच शिकलोय, पण पंगतीत हसं झालेलं मी विसरत नाही. स्नेहलशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि शॉक तर बसणार नाही ना, असं सारखं विचारत राहिलो. शेवटी तिला सापडलं. कार्डाची हाक बंद केल्यावरही यंत्रानं त्याला थोडे रिकामे ठोके, म्हणजे विजेच्या टिचक्या, द्यावे लागतात. त्यात काम काही नाही, नुसतं "झालं तुझं, सोड आता" एवढंच. मग ते तार सोडतं. तिचं सांगून व्हायच्या आत मी ओरडलो, अगं, हा तर आपला सहादू!

आता यंत्र खरं सांगतं, आणि लक्षातही ठेवतं. ते सांगतं, की माझ्या पाण्याच्या पाळीलासुद्धा माझं रान कोरडंच असतं. मी ते फेकणार नाही. लग्नाच्या पंगतीत तुझ्या ताटाशेजारी आणून ठेवीन, मग हसव लोकांना.

तुझा थोरला,
खंडेराव

ता. क. तुझी पाळी रविवारीच संपली. तुझ्या खालच्या रानाचा व्हॉल्व्ह अजून उघडा आहे, सगळं पाणी उतारानं तिकडेच पळतं. तुझा गेणू म्हणतो, मालकाच्या फोनशिवाय हात लावणार नाही. माझा उचलू नकोस, पण त्याला तेवढा लाव. हे पत्र म्हणजे रिकामे ठोके समज.

ता. ता. क. स्नेहलनं पत्र वाचलं. म्हणते, आबा, हे दोन ओळींत झालं असतं, तार तर तुम्हीही सोडत नाही. मी म्हटलं, आधी त्याला व्हॉल्व्ह बंद करू दे.