गोड्या पाण्याच्या बारा बादल्या

रेवदंडा, कोळीवाडा
सोमवार

आदरणीय धर्मा व्याही यांस,

सदाचा हात जोडून रामराम. विहीणबाईंचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, आपला खोकला उतरला असेल आणि बोर्लीत सगळी मंडळी मजेत असतील असं धरून लिहायला बसलोय. इकडे केसर बरी आहे, होडी बरी आहे. मीही अंगाने बरा आहे, मनाने नाही. त्याचं कारण पुढे येईल, आणि येऊ नये म्हणून मी बराच वेळ काढणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

परवा फोनवर आपण म्हणालात, चिराग-पूर्वीकडे तीन महिने राहायला निघालोय, तुम्ही जाऊन आलात, तर चार उपयोगाच्या गोष्टी लिहून कळवा. कळवतो. पण आपल्या मुलाच्या बाबतीत तिथे माझ्या हातून एक गोष्ट घडलीय. येऊन सात महिने झाले, कोणाला बोललो नाही. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला हे तोंडावर सांगायचं तर जीभ उचलत नाही, फोनवर तर नाहीच. म्हणून आधी माहिती लिहितो, तोवर धीर गोळा होईल.

प्रांताचं नाव सस्कॅचेवान. (तोंडात सुपारी असताना म्हणू नये. मी विमानात म्हटलं, पुढच्या सीटवरच्या बाईंची माफी मागावी लागली.) जमीन इतकी सपाट की डोंगर औषधालाही नाही, आणि सगळ्यात जवळचा समुद्र हजारभर किलोमीटर लांब. आपल्याकडे वाट विचारली की माणूस समुद्राच्या अंगाला जा नाहीतर डोंगराच्या अंगाला जा म्हणतो. तिथे समुद्र नाही, डोंगर नाही, मग जायचं कुठे? पहिल्याच दिवशी दूध आणायला निघालो आणि गहू पेरायच्या रानात जाऊन उभा राहिलो. शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा राहतो, एकटाच असतो, त्याने गाडी थांबवून मला घरी आणून सोडलं. हा वॉल्टर लक्षात ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. बूट दारातच काढतात, त्या बाबतीत माणसं आपल्यासारखीच. विमानतळावर सुके बोंबील लपवू नका, सरळ सांगून टाका. आमचे तिथल्या साहेबाने हुंगले आणि लगेच जा म्हणाला. आणि हिवाळ्यात गाडीला विजेची वायर लावून ठेवतात. ती मोबाइलसारखी चार्ज करायला नव्हे, इंजिन गोठू नये म्हणून. ती वायर काढू नका. (मी काढली नव्हती. माझा गुन्हा वेगळा आहे.)

आता तो गुन्हा. जानेवारीतली गोष्ट. चिरागची शेतीच्या मोठमोठ्या यंत्रांचा पक्का मेकॅनिक व्हायची परीक्षा होती, सकाळी नऊला, रिजायना शहरात. गावापासून दोन तासांचा रस्ता. आदल्या दिवशी दुपारी तो आत अभ्यास करत होता, बायका झोपल्या होत्या, आणि मी जावयाच्या घरचं आयतं खाऊन खाऊन कंटाळलो होतो. सहज बाहेर आलो तर गाडीच्या दारांखाली पांढरी पूड. बोट लावलं, जिभेवर ठेवलं. मीठ! तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, हे मला मागाहून कळलं. व्याही, चाळीस वर्षं मी होडी किनाऱ्याला लावली की घरी जायच्या आधी इंजिन गोड्या पाण्याने धुतो. मीठ लोखंडाला काय करतं हे आपल्याला मी सांगायला नको. पोराची एवढी चांगली गाडी खाऱ्याने खाऊन जाईल आणि सासरा नुसता टीव्ही बघत बसेल? मी न्हाणीघरातून बादली भरली. गरम पाण्याची, कारण माझे हात गारठत होते. अशा बारा बादल्या ओतल्या, टपापासून चाकांपर्यंत. बाहेर उणे अठरा होतं. गाडी अशी चकाकायला लागली की मी लांब जाऊन दोनदा पाहिलं. शेवटची बादली वॉल्टरच्या कुंपणापाशी ठेवली ती जमिनीला जी चिकटली ती उठेना. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी साडेसहाला चिराग बाहेर गेला आणि गाडी नव्हतीच, गाडीच्या आकाराचा बर्फ होता. दारं, कुलूप, काचा, सगळं एक झालेलं. बर्फाचा ओघळ खाली उतारावर वॉल्टरच्या भिंतीपर्यंत गेला होता, आणि तिथेच त्याच्या तळघराचं पाणी बाहेर टाकायचा पाइप आहे. चिरागला वाटलं, पाइप फुटून पाणी इकडे उडालं. तो तिकडे जाऊन वॉल्टरला नको नको ते बोलला. मी पायरीवर माकडटोपी घालून उभा. वॉल्टरने एकदा चिरागकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि सॉरी म्हणाला. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं, आणि केसरला चहा ठेवायला सांगितलं.

म्हातारा आपल्या गाडीतून रिजायनाला सोडायला तयार होता, पण एवढं बोलल्यावर चिराग कसा बसणार? परीक्षा बुडाली. मग वॉल्टरच गरम हवेचं यंत्र घेऊन आला आणि तीन तास दारं सोडवत बसला. मी वायर धरून उभा होतो. जाताना त्याने कुंपणापाशी खणून आमची लाल बादली काढली, माझ्या हातात दिली आणि हलकेच खांद्यावर थोपटलं. त्याने सगळं खिडकीतून पाहिलं होतं. त्यानंतर आम्ही दोन महिने होतो. चिराग आणि वॉल्टर समोरासमोर आले की माना फिरवून जात. मी रोज खिडकीत बसून ते बघायचो. चिराग पुढे एप्रिलमध्ये पास झाला, पण एका एकट्या म्हाताऱ्याचं शेजारपण मी तोडलं. मला माझीच लाज वाटते, व्याही.

विहीणबाईंना केसरचा नमस्कार. गरम मोजे जास्त घ्या.

आपला,
सदा

ता. क. : खरं सांगायचं तर माहिती हे निमित्त. सोबत सुक्या कोळंबीच्या सोड्यांची एक पुडी देतोय, ती वॉल्टरला द्या, आणि चिरागला बसवून सांगा की बादली माझी होती. रागावला तर माझ्यावर रागवू दे, पूर्वीला काही बोलू नये. आपण बाप आहात, आपलं ऐकेल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत केसरने पत्र वाचलं. म्हणाली, "तुमाला काय वाटलं, घरातली बादली त्याला वळखू आली न्हाय?" चिरागला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तो मागच्या दाराने वॉल्टरकडे गेला, पाया पडला, दोघांनी चहा घेतला. मग सासऱ्याला लाज वाटू नये म्हणून, मी असेपर्यंत माझ्यासमोर भांडण चालू ठेवायचं असं दोघांनी ठरवलं. मी खिडकीत बसलो की माना फिरवायच्या. दोन महिने, त्या थंडीत, रोज. पूर्वी, केसर, सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा वर लिहिलेलं काही करू नका. सोडे द्या, पण माझं नाव सांगू नका. मला कळलंय हे चिरागला कळू देऊ नका. आणि व्याही, हे सगळं आपल्यालाही आधीपासून ठाऊक असेल, तर तेवढं मला कळवू नका.