दोरा तोडण्यापुरती थांबणारी बेल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे.) इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजयही बरी आहे, म्हणजे माझ्यावर रागावण्याइतकी ताकद तिच्यात आहे. भावोजींची पाठ आता कशी आहे? तुझा चष्मा बदलला का? फोनवर तू सगळ्यालाच 'ठीक' म्हणतेस, म्हणून लेखी विचारतो आहे.

तर झालं असं. आपल्या कारखान्यात (दोन खोल्या आणि एक पोटमाळा, पण पाटीवर कारखानाच लिहिलं आहे) मी दाराच्या बेला बनवतो, आणि त्यातली सगळ्यात खपणारी बेल म्हणजे तू शिवणाच्या मशीनवर बसून गुणगुणायचीस ती चाल. तुझी तूच रचलेली. शब्द नाहीत, शेवट नाही, कापड संपलं की थांबायची. ती एका मोठ्या कंपनीने उचलली. उचलली तर उचलली, वर मलाच नोटीस पाठवली, की ही चाल आमच्या मालकीची असून तुम्ही ती चोरली आहे, तरी उत्पादन ताबडतोब बंद करा. नोटीस वाचत होतो तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाची नवी बेल वाजली, त्याच कंपनीची, आणि मी कागद टाकून आपलं दार उघडायला धावलो. हे आता नेहमीचंच झालं आहे. परवा दातांच्या डॉक्टरकडे बेल वाजली, तर मी खुर्चीवरून उठून दाराशी. तुमचं कुणी येणार आहे का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. काय सांगणार, तोंडात कापूस होता.

मग वकिलांकडे गेलो. चाल वापरायला बहिणीची लेखी परवानगी घेतली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, अहो, मोठी बहीण आहे, तिच्या ताटातलं उचलतानाही कधी विचारलं नाही. कॉपीराइटच्या कायद्यात ताटाची सोय नाही म्हणाले. नंतर त्यांनी दोन्ही बेला टेबलावर ठेवून आळीपाळीने वाजवल्या (दर वेळी बाहेरचा शिपाई आत डोकावून जायचा) आणि विचारलं, ही चाल मध्येच अशी का थांबते, कुठल्याच तालात बसत नाही. मला सांगावं लागलं, की तिथे तू दाताने दोरा तोडायचीस. वकील खुर्चीतून अर्धे उठले. कंपनीच्या बेलमध्येही तो थांबा जसाच्या तसा आहे.

"त्यांना कोर्टात विचारू," ते म्हणाले, "की तुमच्या संगीतकाराने तिथे काय तोडलं?"

ते हसत होते, माझे डोळे भरून आले. ताई, गावभर दारोदारी तुझा दोरा तुटतो आणि दार उघडलं की पार्सलवाला उभा असतो. तुझी फार आठवण येते गं.

आता सगळं तुझ्या हातात आहे. चाल तुझी आणि ती तू धाकट्याला वापरायला दिलीस, एवढं सही करून दिलंस तर कारखाना वाचेल, नाहीतर पाटी उतरवायची. आपण जिंकलो तर त्यांच्या बेला बंद होतील आणि समोरचं बिऱ्हाड पुन्हा पूर्वीसारखं टर्रर्र वाजायला लागेल. त्याचंही मला थोडं वाईट वाटतं, हे मात्र वकिलांना सांगितलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सहीची घाई आहे, म्हणून गाडीचं तिकीट सोबत पाठवतो आहे. परतीचं काढलेलं नाही, गर्दी फार असते म्हणतात.

आणखी ता. क. ही मागे उभी राहून वाचते आहे आणि खरं काय ते लिहा म्हणते, म्हणून लिहितो. सही टपालानेही चालते, असं वकील म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं, आमच्या ताईची चालत नाही.