पंखा बंद करून भरलेली काडतुसं

मामाजी, आज दुपारी तुमची बंदूक पुसायला काढली. निवडणुकीपायी दीड महिना पोलीस ठाण्यात जमा होती, काल परत मिळाली. तुमच्या माघारी परवाना सुनेच्या, म्हणजे माझ्या नावावर झाला, तेव्हापासून दर निवडणुकीला मी तिला चादरीत गुंडाळून ठाण्यात नेऊन ठेवते आणि निकाल लागला की घेऊन येते. या वेळचा हवालदार अगदी पोरगेला होता. पावती फाडता फाडता म्हणाला, "चालते का जी हे अजून?" मी म्हटलं, चालते. "मंग चालवते कोन?" कोणी नाही, असं सांगितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. घरी आल्यावर नळीतून तेलाचा बोळा फिरवला, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं आणि खालची ती कडी, जिला तुम्ही लिव्हर म्हणायचात आणि सासूबाई नळाची खुंटी म्हणायच्या, ती एकदा पुढे-मागे करून पाहिली. खटक-खटक. तो आवाज झाला की घरातली दुपार आपोआप मागे सरकते आणि मी तेवीस वर्षांची होते. आज ती सरकली, आणि म्हटलं आता लिहूनच टाकावं.

मला पाहायला आला होतात तो दिवस आठवतो. सासूबाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का. ह्यांनी काहीच विचारलं नाही, हे चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले होते. तुम्ही मात्र खुर्चीतून पुढे वाकून विचारलंत, "बी.एस्सी. केमिस्ट्री म्हनता, तर काचेच्या पेटीतला तो तराजू चालवला का वं कधी? काटा हालत नाही ना तुझ्या हातानं?" माझ्या बाबांना वाटलं, मुलाकडचे लोक जरा चक्रम दिसतात. मी म्हटलं, तीन वर्षं तेच केलं. तुम्ही हसलात आणि सासूबाईंना म्हणालात, "झालं, पसंत हाये." स्थळ मला सांगून आलं होतं ते सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मुलाचं. तराजूचं काय प्रकरण आहे ते लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं.

ती रायफल तुम्ही तरुणपणी कामठीच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून घेतली होती. काटोलकडच्या आपल्या वावरात डुकरं फार, भुईमूग म्हणून ठेवत नसत, आणि परवाना त्यासाठीच होता. पुढे विलायती काडतुसं यायची बंद झाली. तुम्ही मात्र झाडलेलं एकही काडतूस टाकलेलं नव्हतं, रिकाम्या पितळी पुंगळ्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. कलेक्टर साहेबाच्या सहीनं परवान्यात तशी मुभा लिहून घेतली आणि घरीच त्या पुन्हा भरू लागलात. मी आले तेव्हा तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता. लिहिताना ते कुणाच्या लक्षात येत नसे, काडतुसाची दारू मोजताना यायचं. तुम्ही ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मला सांगितलंत.

गच्चीवर एका सुपात सासूबाईंच्या कुरड्या वाळताहेत आणि शेजारच्या सुपात चिंचेच्या पाण्यात धुतलेल्या पुंगळ्या, सोन्यासारख्या चमकताहेत. शेजारच्या काकू म्हणतात, हे कोणत्या पूजेचं वं? दुपारी जेवणं झाली की आपण मधल्या खोलीत बसतो. खिडकीला वाळ्याचे ताटे, म्हणजे पडदे, त्यावर तुम्ही नुकतंच पाणी मारलेलं, सगळी खोली हिरव्या अंधारात आणि त्या गार वासात बुडालेली. मग तुम्ही उठून पंखा बंद करता, कारण वाऱ्यानं काटा हलतो. मे महिन्यातलं नागपूर, आणि पंखा बंद! बाहेरून सासूबाई ओरडतात, "मरा तिथंच दोघंबी शिजून." तुम्ही इतवारीच्या सराफ्यातून आणलेला सोनाराचा तराजू मांडता. मी श्वास धरते, कागदाच्या टोकानं दारूचे काळे कण पारड्यात पाडते, काटा डुलतो, डुलतो आणि उभा राहतो. तुम्ही नुसतं "हं" म्हणता, आणि त्या एका "हं"साठी मी घाम पुसायलासुद्धा थांबत नसे. माहेरी मला कोणी तसं "हं" म्हटलं नव्हतं, आणि सासरी तर माझ्या भाजीला सगळे मीठ कमी म्हणायचे.

शिकवलंतही किती. अडकित्त्यासारखं ते हत्यार दाबून पुंगळीत गोळी कशी बसवायची, आणि गोळीचं नाक चपटंच का हवं, टोकदार का नको. "या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या पोकळीत एकामागं एक रांगेत निजतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाले लागून राहते. टोकदार असलं आन् धक्का बसला, तर थेथंच दिवाळी." शिकारीहून आल्यावर नळी धुवायची ती उकळत्या पाण्यानं, चहाच्या किटलीतून, नरसाळं लावून. मी ओततेय, तुम्ही धरलीय, आणि नळी इतकी तापते की पाणी आपोआप वाळून जातं. गज तोंडाकडूनच आत घालावा लागे, दुसरीकडून त्या बंदुकीला वाट नाही. "तोंड जप वं तिचं. थेथूनच गोळीले वळन लागते," असं तुम्ही दर वेळी म्हणायचात, जणू पहिल्यांदाच सांगताय. मी जन्मात एक गोळी झाडली नाही, पण त्या बंदुकीचं सगळं आतडं मला पाठ होतं.

तिसऱ्या वर्षी तुम्ही बर्डीच्या बाजारात सायकलवरून पडलात आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, बंदूक विसरा. तुम्ही त्यांच्यासमोर मान डोलावलीत आणि दसऱ्याला गावी जाऊन दोन गोळ्या झाडून आलात. परत आलात तेव्हा सदरा काढताना सासूबाई किंचाळल्या. खांदा वांग्यासारखा निळा झाला होता. त्या आंबेहळद लावताहेत आणि रडत रडत बोलताहेत, "आता काहून जीव देता? कोनता वाघ मारायचा राहिला तुमचा?" तुम्ही म्हणता, "वाघ नाही वं, डुक्कर," आणि हसायला जाता, तर कळ येते. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलंच होतं. तुमच्या धाकट्या भावाचा, काकाजींचा, निरोप आला होता की डुकरांनी अर्धं वावर उकरलं. मला म्हणालात, सहा भरून ठेव.

मी सहा भरली. प्रत्येकीत दारू थोडी कमी घातली. आधी थोडी, मग धीर करून अजून थोडी. धक्का हलका बसावा, खांदा वाचावा, एवढाच हिशेब होता माझा, केमिस्ट्रीवालीचा. दारू कमी झाली की गोळी वाटेत खाली उतरते, हे मला कळायला हवं होतं. पण ते पुस्तकात नव्हतं आणि तुम्हाला विचारायची सोय नव्हती. तुम्हाला हलक्या धक्क्याचा संशय येऊ नये म्हणून खांद्यावर बांधायला कापसाची एक गादीसुद्धा शिवून दिली. आपलं शहाणपण आपल्याला नडतं ते असं.

त्या पहाटेचं मी पाहिलेलं नाही, काकाजींच्या तोंडून ऐकलं. उजाडताना डुक्कर बांधावर आलं, तुम्ही ज्या अंतरावरून डोळे मिटूनही चुकला नसता तिथं. पहिली गोळी त्याच्या पोटाखाली मातीत गेली. दुसरी पायाला लागली. ते लंगडत नाल्यात उतरलं आणि तुम्ही दुपारपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलात, मग थेंबही संपले. तीस वर्षांत तुम्ही जखमी जनावर मागे सोडून आला नव्हतात. संध्याकाळी एस.टी.नं घरी आलात तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं होतं. चहा घेतला नाहीत. उरलेली चार काडतुसं नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "गादी मात्र झकास शिवली वं तू. खांदा काही दुखला नाही." मग किटली मागितलीत. मी नरसाळं धरलं, तुम्ही पाणी ओतलंत, वाफेत तुमचा चेहरा दिसत नव्हता. तेव्हा सांगायचं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. नाही सांगितलं.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की रविवारी काकाजी येताहेत, त्यांना काडतुसांचा संशय आहे. चोराच्या मनात चांदणं. त्याच दुपारी तुम्ही झोपलात, मी मधल्या खोलीचं दार लोटलं, ती चारही काडतुसं उघडली आणि पुन्हा भरली. पूर्ण मापानं. हात जराही हलला नाही, मामाजी. इतकं सुंदर मी कधी मोजलं नव्हतं.

रविवारी काकाजी जेवायलासुद्धा थांबले नाहीत. "दादा, घरी भरलेले काडतुसं हायेत, खराब असन. तुमचा नेम काही चुकत नाही." तुम्ही म्हणालात, "पोरीनं भरले ते. खराब कायचे?" ते ऐकेनात. मग तुम्ही मला तराजू आणायला सांगितलंत. हे, सासूबाई, काकाजी, सगळे भोवती बसले. तुम्ही थरथरत्या हातानं एक काडतूस उघडलंत, दारू पारड्यात ओतलीत. काटा डुलला आणि मधोमध उभा राहिला. काकाजी म्हणाले, अजून एक पाहू. तेही तसंच. तुम्ही तिसरं उघडू दिलं नाहीत. "पाह्यलं?" म्हणालात, आणि आवाजात अभिमान होता, तो मी अजून ऐकते. "तिचा काटा हालत नाही, तिले पाहाले गेलो तेव्हाच मी ओयखलं होतं. डोया गेला माहा. दुसरं काही नाही." काकाजींनी मान खाली घातली. मी तराजूची पारडी पुसत बसले.

त्यानंतर तुम्ही बंदूक खांद्याला लावली नाहीत. ह्यांनी हट्टानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "त्याले काय समजते? त्यानं कधी डुक्कर तरी पाह्यलं का?" रस्ता ओलांडताना तुम्ही ह्यांचा हात धरायला लागलात, हे मी पाहिलं. जिन्यावर पाय चाचपून टाकू लागलात. पेपर मला वाचायला सांगू लागलात, आणि वाचताना मी एखादी ओळ गाळली तर समोरच्या खुर्चीतून बघून ती तुम्हीच सांगायचात. पुढे दोन-तीन वर्षांत शिकारबंदीचा कायदा आला, सगळ्यांच्याच बंदुका खुंटीला लागल्या, आणि मी स्वतःला समजावलं की असंही काय बिघडलं. दर महिन्याला आपण तिला तेल देत होतो. ताटे ओले असायचे, खोली तशीच हिरवी, मोजायचं आता काही नव्हतं तरी तुम्ही सवयीनं पंखा बंद करायचात. अशी नऊ वर्षं गेली. इतक्या सुखाच्या दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत, आणि त्या सगळ्या मी चोरलेल्या होत्या.

हे पलीकडच्या खोलीत झोपलेत. अजूनही कोणाला तुमच्याबद्दल सांगताना म्हणतात, आबांची नजर त्या साली गेली हो, नाहीतर. त्यांना उठवून सांगता येईल. नाही सांगणार. हा कागदही कोणाला दाखवणार नाही. खांद्यासाठी कमी मोजलं, त्याची मला लाज वाटत नाही, तुमचा खांदा पाहून कोणीही तेच केलं असतं. पण ती चार काडतुसं पुन्हा भरताना तुमचा खांदा माझ्या मनात नव्हता. तुमचे डोळे गेले असं तुम्हाला जन्मभर वाटलं तरी चालेल, माझा हात चुकला असं वाटायला नको, एवढंच होतं.