जाईबाईचा पाय, माझा पाय

मी, धुळाजी सर्जेराव देवकते, वय ७२, धंदा मेंढपाळ व शेती, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, माझे हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी ऐकला नसता.

१. राहते घर व दीड एकर जमीन माझ्या पश्चात मुलगा परमेश्वर याची राहील. मेंढ्या व लोकर कातरायची कातर मुलगी रोहिणी हिला द्यावी. मेंढरांची पारख तिलाच आहे, हे परमेश्वरही कबूल करतो.

२. पत्नी जाईबाई २००३ साली वारली. मोडलेल्या पायाचे प्लास्टर काढल्यावर तिची पोटरी सुजली. मी तीन दिवस तेल लावून चोळली. चौथ्या दिवशी वेणी घालताना तिला दम लागला आणि ती गेली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली, असे डॉक्टर म्हणाले. मातीच्या दिवशी तिचा भाऊ अजिनाथ सगळ्यांसमोर बोलला, "दाजी, तुमीच चोळून मारली तिला." एकोणीस वर्षे मी त्याच्या दारात गेलो नाही. तो बोलला तेच मलाही वाटत होते, म्हणून राग जास्त.

३. २०२२ साली मांजरसुंब्याजवळ मोटारसायकलीने मला उडवले. खुब्याचे हाड मोडले, बीडला ऑपरेशन झाले. तिथे डॉ. पंचशीला वाघमारे, अशा रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून दोन औषधांतले कोणते बरे, याचा अभ्यास करत होत्या. कोणाला कोणते, हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरणार होते. परमेश्वर म्हणाला, "कशापायी, आबा? आपल्यावर परयोग करतेत." मी तयार झालो. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत पोटरीत बारीक गुठळी दिसली. दुखत काहीच नव्हते, अभ्यासात नसतो तर कळलेही नसते. औषध वाढवले, ती विरघळली.

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना जाईबाईचे सांगितले. विचारले, "म्या चोळला नसता तर जगली असती का?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही, बाबा. सुजलेला पाय चोळायचा नसतो, हे खरं. पण तुम्हाला ते सांगणं आम्हा लोकांचं काम होतं."

कोणी माझ्याशी खोटे गोड बोलले नाही, याचे उपकार मोठे आहेत.

४. काठी टेकत मी थेट अजिनाथकडे गेलो आणि हे सांगितले. त्याने मला खाटेवर बसवले. मग म्हणाला, "दाजी, पाय सुजल्याच्या दुसऱ्या दिवशी म्या तिला बघाया आलतो. तुमी मेंढरं पाजाया गेलते, तवा म्याच चोळला व्हता पाय. हे कुनालाच सांगितलं न्हाई." आम्ही दोघे म्हातारे रडलो. त्याच्यावर माझा कसलाही राग शिल्लक नाही. माझा फेटा त्याला द्यावा.

५. माझे शरीर वैद्यकीय महाविद्यालयास द्यावे. आमच्यात माती देतात, भावकी बोलेल. बोलू द्यावे. परमेश्वर, तू नुसता फोन कर. ते घ्यायला येतील.

६. अभ्यासाच्या कागदांत माझे नाव नाही, एकशे सात हा नंबर आहे. निकाल अजून लागायचा आहे आणि तो कळेपर्यंत मी असेन असे नाही. डॉक्टरबाईंनी तो रोहिणीला कळवावा, ही विनंती. कोणते का औषध सरस ठरेना, कोणाची तरी बायको वेणी घालून उठेल.

हे मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

सही: धुळाजी सर्जेराव देवकते

साक्षीदार:
१. प्रविण आसाराम गाडेकर, तलवाडा (मृत्युपत्र लिहिणार)
२. शिवशंकर माऊली हाके, तलवाडा

स्थळ: तलवाडा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५