घटाच्या कोपऱ्यातली माती

गुरुवार, दिवेलागणीनंतर

गावाकडचं, बेंबळीचं घर भाड्यानं द्यायचं म्हणून फरशी बदलायला काढली आहे. मधल्या खोलीत उगवतीच्या कोपऱ्यात वडिलांनी हातभर जागा मातीचीच ठेवली होती. नवरात्रात आमचा घट तिथंच बसतो. मिस्त्री जब्बारभाईंनी मी न सांगताच तेवढी जागा सोडली. म्हणाले, "देवीची जागा हाय मालक, म्या कशी झाकू?" बरं वाटलं होतं.

आज भाडेकरू बाई घर बघून गेल्या. दवाखान्यात नर्स आहेत, बोलायला चांगल्या. तो कोपरा बघून म्हणाल्या, "काका, हे तेवढं बुजवून घ्या. लेकरू रांगतंय, माती खाईल."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लेकराचं खरंच आहे.

जब्बारभाईंनी टेप लावून कोपरा मापला. मग म्हणाले, "उद्या बसवतो फरशी."

धाराशिवला आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, तिथं जमीनच नाही. बायको म्हणते, "परडीत माती घ्या न् चला. देवीला काय जिना चढता येत न्हाय व्हय?" तिला हसू येतं, मला येत नाही. हातभरच माती, पण...

घटाची जागा हलवायची तर आधी देवीला दोन फुलं लावून, उजवं आधी पडतं की डावं ते बघून तिचा कौल घ्यायचा, ही आमच्या घरची रीत. मी भाडेकरूंचं ऐकलं, बायकोचं ऐकलं आणि देवीला विचारायच्या आधीच हो म्हणून बसलो. आता कौल लावायचीही भीती वाटते. ती नको म्हणाली तर?