जुईच्या खोलीतला उन्हाळा

२६ मार्च २००६, ब्रह्मपुरी

जुईला पुन्हा ताप. सर्दी नाही, खोकला नाही, घसा साफ. अंगणात शेजारच्या पोरींसोबत खेळून आली आणि अंग म्हणजे भट्टी. ओल्या पंच्यात गुंडाळून मोरीच्या फरशीवर बसवलं, पंखा लावला, तेव्हा कुठं उतरला. अजून मार्चच चालू आहे.

मागच्या उन्हाळ्यात हे माहीत नव्हतं. टायफॉइड समजून औषधं दिली, मग तापात झटका आला, मग नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे चारदोन टोकदार दात पाहिले, विरळ केस पाहिले, कपाळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला घाम आलेला तुम्ही कधी पाहिलाय का?" मी आणि प्र. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चार वर्षांची पोर. ना बापानं पाहिला होता, ना मी. घामाच्या ग्रंथीच नाहीत म्हणाल्या. औषध नाही. "गार ठेवा." एवढंच.

गार ठेवा! इथं!

२ एप्रिल

प्र. भामरागडहून आले. नोकरी तिकडच्या शाळेत, बायको-लेकरू इकडे. पंधरवड्यातून एकदा एसटीत हाडं खिळखिळी करून येतात. आल्या आल्या विषय एकच. नागपूरला एक लॉज जुने एसी विकायला काढून राहिला आहे, तिथला एक आणायचा.

"एसी म्हणजे कसं, बटन दाबलं की झालं. पाणी भरणं नाई, वाळ्याच्या ताट्या बदलणं नाई."

"आणि लाईन?"

"लाईन येते-जाते."

"दुपारी जातेच. मग एसी काय भिंतीले शोभेसाठी लावायचा?"

माझं म्हणणं : टिनाचा कूलर आणि एक इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवर कूलर निदान घरघरत तरी चालेल. एसीला ते जमत नाही. शिवाय बिल, स्टॅबिलायझर, जाड वायरिंग. आणि बिघडला तर गॅसवाला नागपूरहून येणार कधी?

प्र. म्हणाले, "तू पैशाचं पाहून राह्यली."

बोलले नि स्वतःच तोंड वळवून पिशवी रिकामी करू लागले. आई (सासूबाई) आतून म्हणाल्या, "भांडा लेकहो, पोरगी थंड होते तुमच्या भांडणानं."

७ एप्रिल

हमीदभाईंच्या दुकानात गेले. बसस्टँडमागं टिनाचं काम करतात, अर्ध्या गावाचे कूलर त्यांच्या हातचे. दुकानात पत्रा ठोकायचा आवाज इतका की दोघंही ओरडूनच बोललो.

"म्याडम, कंपनीचा प्लास्टिकचा कूलर म्हंजे नुसता दिखावा. तोंडावर फुंकर मारल्यावानी हवा. मी बनवून देतो, घरात चादर उडन."

"टिनाच्या कूलरमध्ये करंट येतो ना?"

"अर्थिंग असलं का नाई येत."

"आमच्या घरी अर्थिंग नाई."

"तर मंग पाणी भरताना बटन बंद करा. सारं गाव तसंच करून राह्यलं."

सारं गाव करतं खरं. पण सारं गाव काही जुई नाही. तिला कूलरच्या जाळीला बोटं लावून तुषार घ्यायला आवडतात. शेजारच्यांकडे गेली की तेच करते.

प्लास्टिकचाही पाहून आले. करंटची भीती नाही, पण हवा खरंच फुंकर. आमच्या खोलीवर उघडा स्लॅब. दुपारभर तापतो, संध्याकाळी उलटा आत ओकतो. त्याला फुंकर पुरणार नाही.

१४ एप्रिल

जयंती. जुईला पांढरा फ्रॉक घातला नि घालायच्या आधी भिजवला. आईंना ते पटेना. "सणाच्या दिवशी लेकराले वलं काऊन नेऊन राह्यली? लोक काय म्हनतीन?"

लोक म्हणालेच. विहारापाशी मावससासू : "दात नाई आले अजून? केस पन पातळच. काही खाऊ घालते का नाई?"

मिरवणूक निघेपर्यंत फ्रॉक सुकला होता. जुई बापाच्या... नाही, प्र. नव्हते, दिराच्या खांद्यावर होती. वरून खाली वाकून म्हणाली, "आई, माह्या डोक्यात गरम होऊन राह्यलं." पाणपोईवरचा जग तिच्या डोक्यावर ओतला. आजूबाजूचे पाहत राहिले. निळा गुलाल ओघळून फ्रॉकभर झाला. खूप हसली. मी नाही हसले. मिरवणूक पुढं गेली, आम्ही घरी.

रात्री ठरवलं. हमीदभाईंचा कूलर. इन्व्हर्टर पुढच्या पगाराला.

१९ एप्रिल

कूलर आला. एकुलत्या खिडकीत बसवला. खरंच चादर उडते. वाळ्याचा वास घरभर. जुई आल्यापासून त्याच्यासमोर पाट टाकून बसली आहे, त्याला गोष्ट सांगून राहिली.

अंग गार. दुपारी तीनला अंग गार! आईंनी पण तिच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, मग माझ्याकडे.

पाण्याचा हिशोब मात्र कोणी धरला नव्हता. नळ एक दिवसाआड, आणि हा बादल्यांमागून बादल्या पितो. आई भांडी घासलेलं पाणी झाडांना टाकायच्या, ते बंद. झाडं मेली तरी चालतील म्हणाल्या. त्यांचा मोगरा आहे तो.

२९ एप्रिल

डाव्या हातानं लिहिते आहे म्हणून अक्षर असं.

निकालपत्रकं करत बसले होते. कूलरचं पाणी संपल्याचा आवाज आला, तशीच उठले, बादली उचलली. बटन बंद केलं असं मला वाटलं. पंख्याचं केलं होतं, पंपाचं नाही. टाकीच्या कडेला हात टेकला आणि हात माझा राहिला नाही. ओरडायचं होतं, जबडाच बसला. समोर जुई. मी गंमत करते आहे असं तिला वाटलं. हसत हसत जाळीकडं यायला निघाली.

आई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी जुईला केसाला धरून मागं ओढलं. केसाला! आणि मेन स्विच पाडला. मी खाली.

हाताला काळा डाग आहे. पण लिहायचं ते पुढचंच. कूलर बंद, बाहेर लू, कूलरकडे पाहायची कोणाची हिंमत नाही. जुईला घेऊन दुपारभर मोरीत बसलो, आई, मी नि ती. ओली चादर, पुन्हा ओली चादर. शेवटी पाणीही कोमट झालं. शेजारणीनं माठ आणून दिला, त्यातलं प्यायचं पाणी ओतलं. ताप एकशे दोनवर थांबला. वर गेला नाही.

जुई केसाला हात लावून आजीवर रुसली आहे.

१ मे

हमीदभाई आले. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. त्यांनी पाहिली आणि मटकन खाली बसले.

"म्याडम, माह्या हातचा कूलर. मीच वायर टाकली. मले वाटे, कड मोडून घेतली होती."

रागानं खूप बोलायचं ठरवलं होतं. आई बोलल्या, "भाऊ, आता बसू नको. दुरुस्त कर."

वायरला रबरी नळी घातली. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर, आत नुसतं तोंड, त्यावर लाकडी चौकट. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा लागणार, मीठ-कोळसा घालून. घरमालक नाही म्हणाले. फरशी फुटते. मी त्यांना माझा हात दाखवला. "माझ्याजागी जुई असती तर?" फरशी फुटली.

आता कूलर चालतो. पण मी तो चालू असताना वाचू शकत नाही, जेवू शकत नाही. सारखं लक्ष त्याच्या आवाजाकडे.

६ मे

प्र. सुट्टीवर आले. शॉकचं फोनवर सांगितलं नव्हतं. आईंनी सांगितलं. हात पाहिला. पाणी पिऊन तसेच बाहेर गेले. परत आले ते एसी ठरवूनच.

"मी म्हणलो होतो."

"अर्थिंग झालं आता."

"मी तिकडं, तू नि लेकरू इकडं या डब्ब्यासोबत. मले झोप लागन का तिकडं?"



११ मे

एसी टेम्पोतून आला. खिडकी एकच, म्हणून कूलर उतरवून व्हरांड्यात. फटी कार्डबोर्डनं बुजवल्या. सुरू केला. खोली अशी गार की जुईनं शाल मागितली. जन्मात पहिल्यांदा. प्र. नी तिला शाल गुंडाळली नि माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. मला बरंच वाटलं. खरंच. मोगऱ्याला पाणी मिळालं.

१५ मे

दुपारी व्होल्टेज पडतं. एसी कण्हतो, स्टॅबिलायझर टक् करतो, बंद. पाच मिनिटांनी पुन्हा कण्हतो. प्र. त्याच्यापुढं उभे असतात, आजाऱ्यापुढं उभं राहावं तसे. लाईन गेली की पंखा या पगारात घेतलेल्या इन्व्हर्टरवर, पण खोली बंद आणि वरून स्लॅब. कूलरच्या वेळी निदान खिडकीतून हवा यायची.

मी म्हटलं, कूलर पुन्हा लावा. म्हणाले, दोन दिवस बघू. लाईनमन म्हणाला आहे, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर बदलणार आहेत.

१७ मे

दवाखान्यातून लिहिते. ती झोपली आहे. एकशे पाच होता.

मी मतदार यादीच्या कसल्याशा बैठकीला... जाऊ दे, कसली ते महत्त्वाचं नाही. घरी नव्हते. आई पाहुण्याकडं. प्र. आणि जुई खोलीत. एसी बंद पडला. आता येईल, आता येईल म्हणून दार उघडलं नाही, गार हवा जाईल म्हणून. जुई निजली. निजली असं त्यांना वाटलं. हात लावला तर उठेना.

प्र. नी उघड्या अंगानं तिला ओल्या चादरीत घेऊन पळत आणलं. चप्पल नव्हती पायात. डांबरानं तळवे भाजले आहेत. सिस्टरनं मलम दिलं ते हातातच आहे, लावलेलं नाही.

मला त्यांना बोल लावायचा होता. बाकावर शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "मले वाटे येईनच लाईन."

"मलाही पंपाचं बटन बंद केलं असंच वाटलं होतं."

मग त्यांचे पाय मांडीवर घेऊन मलम लावलं. लोक पाहत होते. पाहू दे.

१९ मे

घरी. जुई बरी. हडकली आहे, पण आंबा मागते.

हमीदभाईंना बोलावलं. मागच्या दाराची वरची फळी काढून तिथं कूलर बसवला, एसी खिडकीत राहिला. दोन्ही एकावेळी नाही. लाईन आणि व्होल्टेज असेल तर एसी, नसेल तर इन्व्हर्टरवर कूलर. आणि दोन्ही गेलं तर मोरीत भरलेला ड्रम, त्याला कोणी हात लावायचा नाही. आईंनी ड्रमवर ओलं पोतं गुंडाळलं.

दोन मशिनी आणि भरवसा एकीचाही नाही. प्र. म्हणाले, मशिनी राखणीला ठेवल्या, आता मशिनींवर राखण आपली.

१२ जून

हवा दमट. आता कूलरचा काही उपयोग नाही. ओलीच हवा, ओलंच अंग, वाळतच नाही, गार होत नाही. त्याच्यापुढं बसूनही आज जुई शंभराच्या वर गेली. कूलर एप्रिलचा देव, जूनमध्ये दगड. उलट व्होल्टेज सुधारलं आहे, एसी दिवसभर निमूट चालला. ज्याला मी शिव्या दिल्या तो. प्र. भामरागडला परतायच्या तयारीत. पूल बुडायच्या आत पोचायचं. एकदा पाणी चढलं की तिकडून निरोपही येत नाही. बदलीचा अर्ज पुन्हा दिला आहे म्हणाले. किती वेळा देणार?

२६ जून

शाळा सुरू. जुईला माझ्याच शाळेत पहिलीत घातलं. पहिलीच्या खोलीला पंखा आहे, लाईन जोडलेली नाही. वर टिन.

घरच्या खोलीचा एवढा विचार केला, त्या खोलीचा नाही केला.

बडे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, चांगले आहेत, पण घाबरले. "वर्षभर घरीच शिकवा, म्याडम. उद्या काही झालं तर मी काय जबाब देऊ?" फोनवर प्र. पण तेच. आई म्हणतात, "पाठव. घरात तरी काय कमी झालं तिले?"

तरी आज नेलंच. मी चौथीवर होते. मधल्या सुट्टीत हापशाकडं गलका. पळत गेले. जुई हापशाखाली डोकं घालून बसलेली, एक थोराड मुलगी दांडा मारते आहे. अख्खी पहिली रांगेत. एकेक जण डोकं भिजवून घेतो आहे. पाट्या ओल्या, दप्तरं ओली. बडे गुरुजी छडी घेऊन उभे, पण कोणाला मारायचं ते त्यांना कळेना.

"हे कोणी सांगितलं?"

जुईनं वर पाहिलं. तोंडावरून पाणी गळत होतं. "मले घाम येत नाई गुरुजी, म्हणून मी पानी घेतो. या पोरायले येते, पण यायले पन गरम होऊन राह्यलं होतं."

मी तिला असं बोलायला शिकवलं नव्हतं. घरी घाम हा शब्द आम्ही तिच्यापुढं काढतही नाही.

घरी आल्यावर अंग पाहिलं. गार. पण आज आभाळ होतं, आणि हापशाला पाणी होतं, आणि मी चार खोल्या पलीकडं होते. ऑक्टोबरचं ऊन अजून पुढं आहे. पाठवायची की नाही ते शनिवारपर्यंत सांगा, असं बडे गुरुजींनी म्हटलं आहे. प्र. ना पुन्हा फोन लावला, लागत नाही. नदी चढली असेल.

जुईनं उद्याचा फ्रॉक काढून खुर्चीवर ठेवला आहे. विचारते, "आई, उद्याही आहे ना शाळा?"

आहे, म्हटलं. शाळा तर आहेच.